खोक्यावरचा यंत्रमानव : 'द असायलम'चे तीन विज्ञानपट

काही वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारची जेवणे आटोपून आम्ही दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. हिंदीत डब केलेले इंग्रजी चित्रपट दाखवणाऱ्या एका वाहिनीवर समुद्रातून वर येणारा अजस्र प्राणी दिसला आणि पाठोपाठ त्याच्याशी झुंजणारे यंत्रमानवही दिसले. शेजारी बसलेल्या पुतण्याने मोठ्या अधिकाराने सांगितले, की हा तोच, गिलेर्मो देल तोरोचा. पाच-दहा मिनिटे त्याने निष्ठेने पाहिले. मग इमारतीएवढा यंत्रमानव चालूनही पायाखालची धूळ हलत नाही, हे त्याच्या लक्षात आले आणि तो हळू आवाजात म्हणाला, "काका, हा तो नाहीये." तो देल तोरो या दिग्दर्शकाचा 'पॅसिफिक रिम' नव्हता, 'अटलांटिक रिम' होता. चुकून आम्ही भलत्याच महासागरात उतरलो होतो.

अशा चित्रपटांना इंग्रजीत 'मॉकबस्टर' म्हणतात. एखादा मोठा, बहुचर्चित चित्रपट प्रदर्शित होण्याच्या सुमारास त्याच्या नावाशी आणि पोस्टरशी साधर्म्य असलेला स्वस्तातला चित्रपट बाजारात आणायचा, हा त्यांचा धंदा. आठवडी बाजारात नामांकित साबणाच्या वेष्टनाचा रंग आणि अक्षरांचे वळण उचललेली वडी मिळते, त्याच जातीचा हा माल आहे. या प्रकारात सर्वांत ठाऊक असलेले नाव म्हणजे कॅलिफोर्नियातील बरबँकची 'द असायलम' ही कंपनी. त्या प्रसंगानंतर कुतूहलापोटी मी तिचे बरेच चित्रपट पाहिले. त्यांपैकी तीन विज्ञानपटांचे हे परीक्षण आहे. नक्कल केली म्हणून ते वाईट ठरवायचे, तर परीक्षणाची गरजच उरत नाही. नक्कल किती हुबेहूब साधली, यापेक्षा हातातला पैसा संपल्यावर दिग्दर्शकाने काय केले, हे पाहणे मला अधिक उद्‌बोधक वाटले.

डेव्हिड मायकेल लॅट, डेव्हिड रिमावी आणि शेरी स्ट्रेन यांनी १९९७ मध्ये ही कंपनी काढली. सुरुवातीला ती थेट डीव्हीडीवर येणारे छोटे चित्रपट करीत असे. तिचे नशीब पालटले ते २००५ मध्ये. लॅट हे एच. जी. वेल्स यांच्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीवर चित्रपट करीत होते आणि त्याच वर्षी स्टीव्हन स्पीलबर्गही त्याच कादंबरीवरचा आपला चित्रपट घेऊन येत होते. कादंबरी १८९८ सालची असल्याने अमेरिकेत तिच्यावर कुणाचाच मालकी हक्क उरलेला नव्हता, त्यामुळे नावासकट ती कुणीही वापरावी. असायलमचा चित्रपट २८ जूनला डीव्हीडीवर आला आणि स्पीलबर्ग यांचा २९ जूनला अमेरिकेतील चित्रपटगृहांत. भाड्याने चित्रपट देणाऱ्या 'ब्लॉकबस्टर' या दुकानांच्या साखळीने असायलमच्या डीव्हीडीच्या एक लाख प्रती मागवल्या. कंपनीच्या तोपर्यंतच्या मालाला एवढी मागणी कधीच नव्हती.

ही मागणी का आली, हे समजून घेण्यासारखे आहे. तेव्हा गावभर मोठ्या चित्रपटाची पोस्टरे लागत, दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा मारा होई, पण त्या चित्रपटाची डीव्हीडी यायला अजून काही महिने असत. म्हणजे नाव लोकांच्या तोंडी असे आणि दुकानदाराच्या फळीवर मात्र त्या नावाचे काहीच नसे. ती रिकामी फळी असायलमने भरली. जाहिरातीचा खर्च दुसऱ्याने केला आणि याने फक्त खोके पुरवले. ग्राहकाची फसवणूक झाली असे म्हणावे, तर काही ग्राहकांनी जाणूनबुजूनही नेले असेल. दुधाची तहान ताकावर भागवणारे लोक सगळीकडेच असतात. मात्र तेव्हापासून कंपनीचा कारखाना उलट दिशेने चालू लागला. आधी मोठ्या स्टुडिओचे वेळापत्रक पाहायचे, त्यावरून नाव आणि पोस्टर ठरवायचे आणि शेवटी त्याला साजेशी कथा लिहून घ्यायची. चित्रपटाचा खर्च सहसा दहा लाख डॉलरच्या आत ठेवला जाई. स्पीलबर्ग यांच्या चित्रपटाचा खर्च तेरा कोटी डॉलरच्या वर होता.

तरीही लॅट यांचा 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' हा या तिघांमधला सर्वांत बरा चित्रपट आहे. कथानायकाचे नाव जॉर्ज हर्बर्ट आहे. हर्बर्ट जॉर्ज वेल्स या नावाची ही सरळ उलटापालट असल्याने ऋण कुणाचे, ते लपवलेले नाही. हा खगोलशास्त्रज्ञ आहे. त्याची बायको आणि मुलगा वॉशिंग्टनला गेलेले असताना आकाशातून उल्का कोसळते, तिच्यातून यंत्रे बाहेर पडतात आणि मग उद्ध्वस्त मुलखातून चालत चालत तो त्यांच्याकडे निघतो. ही भूमिका करणारे सी. थॉमस हॉवेल लहानपणी स्पीलबर्ग यांच्याच 'ई. टी.'मध्ये सायकलवरच्या मुलांपैकी एक होते, ही त्यातली गंमत.

पैसा नसल्यामुळे येथे शहरे कोसळत नाहीत. वेल्स यांची तीन पायांची यंत्रे येथे खेकड्यासारखी झाली असून ती पडद्यावर आली, की चित्रपटाचा तोल जातो. त्यांची सावली जमिनीवर नीट पडत नाही, आसपासची झाडे त्यांची दखलच घेत नाहीत. पण ती फार वेळ दिसत नाहीत, कारण ती दाखवणे परवडणारे नव्हते. मग उरतात झाडीतून जाणारे रस्ते, मोकळी घरे आणि दोन माणसे. जॉर्जच्या सोबतीला एक पाद्री येतो. मूळ कादंबरीतही असा धर्मोपदेशक आहे, परंतु तेथे तो भेदरलेला आणि कटकट्या आहे. येथे ऱ्हेट जाइल्स यांनी रंगवलेला पाद्री सुरुवातीला शांत आहे आणि त्याची श्रद्धा आपल्या डोळ्यांदेखत, एकेका संभाषणातून झिजत जाते. दोघे पडक्या घरात अडकून पडतात, बाहेर परग्रहवासी वावरत असतात आणि आत बोलण्यापलीकडे काही करता येत नाही. हा भाग मी दोनदा पाहिला. प्रकाश बेताचा आहे, संवाद कुठे कुठे शाळकरी आहेत, तरीही घराच्या त्या चार भिंतींत जी कोंडी निर्माण होते, ती कुणाची नक्कल नाही. हाताशी काहीच नसताना दिग्दर्शक पुस्तकाकडे परतला आणि पुस्तकाने त्याला तारले. जॉर्ज एका परग्रहवासीयाला रेबीजची लस टोचून पाहतो, ही भर मात्र बाळबोध आहे; सूक्ष्म जंतूंपुढे बलाढ्य आक्रमक निमूटपणे मरून पडतात, या वेल्स यांच्या शेवटातला उपरोध तिने पातळ होतो.

'ट्रान्समॉर्फर्स'विषयी असे काहीच बोलता येत नाही. ली स्कॉट दिग्दर्शित हा चित्रपट २००७ च्या जूनअखेरीस, मायकेल बे यांचा, रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांचा 'ट्रान्सफॉर्मर्स' येण्याच्या आठवडाभर आधी बाजारात आला. बे यांच्या चित्रपटावर सुमारे पंधरा कोटी डॉलर खर्च झाले होते आणि ते लोखंडाच्या प्रत्येक घडीत दिसत होते. स्कॉट यांच्या चित्रपटात परग्रहावरून आलेल्या यंत्रांनी पृथ्वी कधीच बळकावलेली असून उरलेली माणसे जमिनीखाली राहतात. शीतनिद्रेत ठेवलेल्या एका बंडखोर सैनिकाला लढाईसाठी उठवले जाते. म्हणजे नाव एका चित्रपटाचे आणि कथा भलत्याच दोन-तीन चित्रपटांची. नावात रूपांतराचे एवढे आश्वासन देऊन ते रूपांतर अत्यंत कंजुषीने दाखवले आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण जणू याच चित्रपटासाठी केली असावी.

चित्रपट बहुतेक काळोखात घडतो. काळोख हा गरीब दिग्दर्शकाचा जुना मित्र आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु येथे तो वातावरण उभे करण्यासाठी नसून उणिवा झाकण्यासाठी आहे, हे दर दृश्यात जाणवत राहते. जमिनीखालच्या वस्तीत माणसे कशी जगतात, काय खातात, त्यांची मुले सूर्याविषयी काय विचारतात, हे दाखवायला एक पैसाही जादा लागला नसता. त्याऐवजी माणसे खोलीत उभी राहून हुकूम देतात, हुकूम मोडतात आणि पुन्हा हुकूम देतात. जनरलची भूमिका करणाऱ्या एलायझा स्वेन्सन यांनी चित्रपटाच्या संगीतालाही हातभार लावला आहे, यावरून मनुष्यबळाची ओढाताण समजून येते. त्यांच्या कष्टांबद्दल आदर बाळगूनही मला हा चित्रपट एका बैठकीत पुरा करता आला नाही.

येथे थोडे मागे जायला हवे, कारण स्वस्तातली नक्कल ही काही असायलमने शोधलेली गोष्ट नव्हे. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'नंतर जगभर तिचे पेव फुटले होते. तुर्कस्तानात १९८२ मध्ये आलेल्या एका चित्रपटाने तर 'स्टार वॉर्स'मधली दृश्येच परवानगी न घेता उचलून आपल्या नायकामागे पडद्यावर चालवली. अमेरिकेत स्वस्तातल्या चित्रपटांचे निर्माते रॉजर कॉर्मन यांनी १९८० मध्ये 'बॅटल बियाँड द स्टार्स' काढला. जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराई'ची कथा उचलून अंतराळात नेलेला हा चित्रपट उघडउघड त्या लाटेवर स्वार झालेला होता. पण त्याची यानांची प्रतिरूपे पुढे 'टायटॅनिक' काढणारा जेम्स कॅमेरॉन नावाचा एक होतकरू तरुण करीत होता आणि संगीत जेम्स हॉर्नर यांचे होते. पुढच्याच वर्षी कॉर्मन यांच्या 'गॅलक्सी ऑफ टेरर'साठी याच कॅमेरॉन यांनी बर्गरची फोमची खोकी भिंतींवर डकवून, रंगवून यानाचा अंतर्भाग उभा केला. पडद्यावर ती भिंत आजही खरी वाटते, कारण ती खरी आहे. तिच्या खाचांत अंधार साचतो, कडांवर उजेड पडतो आणि नटाचा खांदा तिला घासला, की ते कळते. असायलमच्या यंत्रमानवांना नेमके हेच लाभत नाही. संगणकावर घाईने केलेल्या आकृतीला वजन नसते, आणि ते आणायला जो वेळ लागतो, तो दोन-तीन आठवड्यांत चित्रीकरण उरकणाऱ्या कंपनीकडे नसतो. खोक्यांच्या भिंतीतली काटकसर डोळ्याला सुखावते, तर 'ट्रान्समॉर्फर्स'मधली केवळ खुपते.

'अटलांटिक रिम' (२०१३) गुणवत्तेत 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' आणि 'ट्रान्समॉर्फर्स' यांच्या मध्ये कुठेतरी बसतो. जेरेड कोन दिग्दर्शित हा चित्रपट 'पॅसिफिक रिम'च्या काही आठवडे आधी आला. समुद्रातला तेलविहिरीचा फलाट नाहीसा होतो, नौदल तीन यंत्रमानव पाठवते आणि त्यांचे तीन चालक प्राण्यांशी लढता लढता आपसांतील प्रेमाचा त्रिकोणही सांभाळतात. ऑस्करचे नामांकन मिळालेले ग्रॅहम ग्रीन यांच्यासारखे अभिनेते येथे नौदल अधिकाऱ्याच्या गणवेशात भुवया आक्रसून उभे आहेत, आणि त्यांच्या तोंडचे साधे वाक्यही इतरांहून वजनदार वाटते. या चित्रपटाचा गुण असा, की तो स्वतःला फार गंभीरपणे घेत नाही. डेव्हिड चोकाची यांचा उद्धट चालक दारूच्या गुत्त्यात जितका रमतो, तितका रणांगणात रमत नाही, आणि प्रेक्षकही तेथेच जास्त रमतो. दोष असा, की हा खेळकरपणा किती हेतुपुरस्सर आणि किती अपघाताने आला, हे शेवटपर्यंत ठरत नाही. वाईट चित्रपटांची थट्टा करणाऱ्या 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या अमेरिकी मालिकेने २०१८ मध्ये त्याला जागा दिली, तो त्याला मिळालेला योग्य सन्मान म्हणावा लागेल.

नावांच्या या खेळाला न्यायालयातही जाब विचारला गेला. २०१२ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओने आपल्या 'बॅटलशिप'साठी दावा केल्यावर 'अमेरिकन बॅटलशिप'चे नाव 'अमेरिकन वॉरशिप्स' करावे लागले. त्याच वर्षी 'एज ऑफ द हॉबिट्स' हे नाव 'द हॉबिट' काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स आदींनी न्यायालयात नेले. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर सापडलेल्या बुटक्या प्राचीन मानवाला शास्त्रज्ञही 'हॉबिट' म्हणतात, आमचा चित्रपट त्यांच्याविषयी आहे, असा युक्तिवाद कंपनीने केला. कंपनीच्या सर्व पटकथांमध्ये इतकी कल्पकता असती, तर हे परीक्षण निराळे झाले असते. न्यायालयाने ते ऐकले नाही आणि चित्रपट 'क्लॅश ऑफ द एम्पायर्स' या नावाने बाहेर पडला. वेल्स यांच्या कादंबरीच्या नावावर कुणी दावा लावू शकत नव्हते, हा फरक येथे लक्षात येतो.

ज्यांना वेळ मोजून खर्च करायचा आहे, त्यांनी लॅट यांचा 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' तेवढा पाहावा, तोही मूळ कादंबरी वाचून झाल्यावर. 'अटलांटिक रिम' चार-पाच जणांत, मोठ्याने बोलण्याची मुभा असेल तर पाहावा. एकट्याने पाहण्याजोगा तो नाही. 'ट्रान्समॉर्फर्स' पाहू नये. त्याचे पोस्टर तेवढे पाहावे, कारण कंपनीने मन लावून केलेला भाग तोच आहे. पुतण्याला मी अलीकडे 'बॅटल बियाँड द स्टार्स' दाखवला. यान पडद्यावरून सरकत असताना त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे कशाचे बनवले असेल.