जुनी गोल्फ जीटीआय विकताना झालेली फसवणूक

इंग्लंडमध्ये राहून आपली जुनी मोटार स्वतःच विकू पाहणाऱ्या मराठी मंडळींनी सावध राहावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. माझी गाडी १९८८ सालची, दुसऱ्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय होती. १७८१ सीसीचे इंजिन, ११२ अश्वशक्ती, जाळीभोवती ती ओळखीची लाल पट्टी. २०१४ साली मी ती दक्षिण इटलीहून आणली. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर सहसा मीठ टाकावे लागत नाही, त्यामुळे दारांखालचा पत्रा आणि मागच्या चाकांवरच्या कमानी, जिथे इथल्या गाड्या हमखास गंजतात, अगदी शाबूत होत्या. गाडी देशात आल्यावर चौदा दिवसांच्या आत करखात्याला कळवण्यापासून हेडलाइटचा झोत इथल्या रस्त्यांप्रमाणे डावीकडे वळवून घेणे आणि मागचा फॉग दिवा उजव्या बाजूला बसवणे इथपर्यंत सगळे मी जातीने केले होते, आणि इटलीतल्या सर्व्हिस बुकासह प्रत्येक पावती एका निळ्या फायलीत लावून ठेवली होती.

आईच्या आजारपणामुळे पुण्याला कायमचे परतायचे ठरले. इतकी जुनी आणि डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी भारतात नेता येत नाही, म्हणून ती विकणे भाग पडले. मी १२,५०० पौंड किंमत लावली.

शनिवारी दुपारी दोघे जण आले. बोलायला नम्र होते आणि गाडीची माहितीही त्यांना बरी दिसली. त्यांच्यातल्या एकाने बॉनेट उघडायला लावले आणि तो तिथेच पुढे रेंगाळला. दुसरा मला मागे घेऊन गेला, डिकीतली चटई उचलून स्टेपनीखालचा पत्रा दाखवा म्हणाला आणि गंजाविषयी एकामागून एक प्रश्न विचारत राहिला. चार-पाच मिनिटे माझी पाठ इंजिनाकडे होती. बोलण्याच्या ओघात, अकरा दिवसांनी आमचे विमान आहे, हेही मीच सांगून बसलो.

मग आम्ही तिघे फेरीला निघालो. दोन-तीन मैलांवर मागे निळसर धुराचा लोट दिसू लागला. बारा वर्षांत या गाडीने असा धूर कधी सोडला नव्हता. गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडले. या गोल्फमध्ये कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, टाकी हा प्लास्टिकचा एक पांढुरका गोळा असतो आणि त्यातले निळसर हिरवे पाणी बाहेरूनच दिसते. त्या पाण्यावर बोटभर जाडीचा काळपट तेलाचा थर तरंगत होता. माझ्या पोटात गोळा आला. “हेड गॅस्केट गेलंय, हेडही तडकलं असेल. दुरुस्तीत हजारो पौंड जातील,” असे त्या दोघांपैकी एक जण मोठ्या सहानुभूतीने म्हणाला (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि हेड गॅस्केट म्हणजे तो भाग खालच्या ठोकळ्यावर बसतो तिथली, तेल आणि पाणी वेगळे ठेवणारी चकती), आणि तरीही पाच हजार देऊन गाडी आत्ताच घेऊन जायची तयारी दाखवली. मी कबूल झालो. पैसे तिथेच बँकेत जमा झाले, नोंदणीपत्राची, नव्या मालकाला द्यायची हिरवी चिठ्ठी मी फाडून दिली, आणि ज्या गाडीचे हेड गॅस्केट गेले म्हणत होते तीच गाडी ते चालवत घेऊन गेले.

रात्री जेवताना पत्नीने विचारले, “अहो, त्यांनी फाइल का नाही मागितली?” तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. जुन्या गाडीचा खरा शौकीन पत्र्याआधी कागद मागतो. या दोघांनी निळ्या फायलीला हातसुद्धा लावला नव्हता. सकाळी कुंपणाच्या झुडपात मला पाण्याची एक चेपलेली छोटी बाटली सापडली. तिच्या तळाशी वापरलेले काळे इंजिन ऑइल होते.

हा प्रकार इथे जुनाच आहे, हे मला नंतर कळले: एक जण मालकाला बोलण्यात गुंतवतो, दुसरा कूलंटच्या टाकीत तेल ओततो आणि थोडे सायलेन्सरच्या नळीतही सोडतो, म्हणजे नळी तापली की धूर निघतो. शांतपणे पाहिले असते तर मला हे तिथेच ओळखता आले असते. गॅस्केट खरोखर गेले की बहुधा तापमानाचा काटा चढतो, कूलंट कमी होत जाते, आणि पाणी इंजिन ऑइलमध्ये शिरले असेल तर डिपस्टिकवर, म्हणजे तेलाची पातळी पाहायच्या पट्टीवर, किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते. नुकतेच ओतलेले तेल मात्र पाण्यावर स्वच्छ वेगळे तरंगते. शिवाय या इंजिनात तेलाच्या फिल्टरपाशी पाण्याने थंड होणारा ऑइल कूलर असतो. तो फुटला तरी कूलंटमध्ये तेल येते आणि ती दुरुस्ती हेड उतरवण्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होते. टाकीतल्या हवेत इंजिनाचे जळके वायू आहेत का हे निळ्या द्रवाच्या चाचणीने गॅरेजवाला काही मिनिटांत सांगतो. असले तर तो द्रव पिवळा पडतो. यातले काहीच मी केले नाही, कारण गिऱ्हाईक समोर उभे होते आणि विमानाची तारीख डोक्यात होती. गिऱ्हाईक येण्याआधी कूलंटच्या टाकीचा आणि डिपस्टिकचा तारखेसह फोटो काढून ठेवायला हवा होता. बॉनेट उघडे असताना तिथून हलायला नको होते. आणि धूर दिसताच व्यवहार थांबवून, त्यांना निरोप देऊन, गाडी माझ्या मेकॅनिककडे न्यायला हवी होती.

इथे गाडीच्या नंबरावरून तिच्या वार्षिक एमओटी तपासणीचा इतिहास कोणालाही ऑनलाइन पाहता येतो. आठव्या दिवशी पाहिले, तर माझी गाडी एकही शेरा न लागता पास झालेली होती. पोलिसांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला, पण सही माझी, पैसे माझ्या खात्यात आणि साक्षीदार कोणी नाही, त्यामुळे सिद्ध करणे अवघड आहे, असेही सांगितले. बाटली मी त्यांच्या स्वाधीन केली.

निळी फाइल मी पुण्याला सोबत आणली आहे. ती लाल पट्टीची, इटलीहून आलेली गोल्फ आज ज्यांच्याकडे असेल त्यांचा या फसवणुकीशी बहुधा काही संबंध नसावा. त्यांच्यापर्यंत हे पोहोचले आणि त्यांनी गाडीचा चासी नंबर कळवला, तर सर्व्हिस बुकासह सगळे कागद मी माझ्या खर्चाने पाठवीन, कारण ते त्या गाडीचे आहेत.