बिटकॉइन घ्यायचा तर रुपयात की यूएसडीटीत?

बिटकॉइन एकच असला तरी रुपयाच्या पेअरमध्ये (म्हणजे थेट रुपये देऊन) आणि यूएसडीटीच्या, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टो-नाण्याच्या, पेअरमध्ये तो एकाच भावाने हाती येत नाही. मी दोन्हीकडे व्यवहार केले आहेत.

रुपयाच्या पेअरची सोय मोठी. बँकेतून पैसे टाकले, ऑर्डर लावली, काम झालं. क्रिप्टोवरचा 1 जुलै 2022 पासूनचा 1 टक्का टीडीएस तुम्ही विकाल तेव्हाच कापला जातो, त्यामुळे हिशेबही सुटसुटीत राहतो.

यूएसडीटीचा रस्ता लांबचा. आधी रुपयाने यूएसडीटी, मग त्याने बिटकॉइन. यूएसडीटी देऊन बिटकॉइन घेणं हेही कायद्याच्या नजरेत हस्तांतरणच, म्हणून तिथे टीडीएस. परतताना बिटकॉइन विकला की पुन्हा, आणि यूएसडीटीचे रुपये केले की आणखी एकदा. ही रक्कम विवरणपत्र भरताना करात वळती होते, पण तोवर पैसा अडकतो. शिवाय रुपयात यूएसडीटी बहुधा बँकेच्या डॉलर-दरापेक्षा महागच पडतो.

हे सगळं मान्य करूनही रुपयाच्या पेअरमधली एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. वर ठळक दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव. खाली ऑर्डर बुक, म्हणजे लागलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरची यादी, उघडा. खरेदीच्या बाजूला पहिल्या ओळीत 0.0008 बिटकॉइन, दुसऱ्या ओळीत 0.002, आणि मग भावात थेट काही हजार रुपयांची फट. एरवी ती जाणवत नाही. जगभर भाव कोसळायला लागला की मात्र बिड लावणारे (खरेदीदार) आपापल्या ऑर्डर मागे घेतात, स्प्रेड, म्हणजे खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर, रुंदावतो, आणि मिळेल त्या भावाला विकणारी तुमची मार्केट ऑर्डर एकेक ओळ संपवत खाली उतरते. हाती पडलेला सरासरी भाव ठळक आकड्याच्या बराच खाली असतो. लिमिट, म्हणजे ठरावीक भावाची ऑर्डर, लावावी तर बाजार खाली निघून जातो आणि ऑर्डर वरच लटकते. विकायची खरी निकड असते ती अशाच वेळी! तेवढीच ऑर्डर यूएसडीटीच्या बुकात टाकली की भाव फारसा हलत नाही, असा माझा अनुभव आहे. तो मी मोजून पाहिलेला नाही, हेही सांगतो.

ही फट बुजत का नाही? दोन बाजारांतल्या फरकावर कमावणारे आर्बिट्राजवाले एरवी ती लगेच बुजवतात. पण पाव-अर्ध्या टक्क्यावर काम करणाऱ्याचा प्रत्येक विक्रीत एक टक्का अडकणार असेल, नफ्यावर 30 टक्के कर असेल आणि तोटा वजा करता येत नसेल, तर त्याने इथे भांडवल का लावावं? तो नाही, म्हणून लिक्विडिटी (सहज खरेदी-विक्री होण्याइतक्या ऑर्डर) नाही. आणि बुक असं पातळ असलं की मध्यम आकाराची ऑर्डरही भाव हलवते.

अर्थात नुसती डॉलरची पेअर म्हणजे खोल (भरपूर ऑर्डर असलेलं) बुक असं समजू नका. 21 ऑक्टोबर 2021 ला बायनान्स यूएस या अमेरिकी एक्स्चेंजवर बिटकॉइन क्षणभर 8,200 डॉलरच्या आसपास उतरला, तेव्हा इतरत्र तो 65,000 च्या घरात होता. एका संस्थात्मक ग्राहकाच्या अल्गोरिदममध्ये बिघाड झाल्याचं एक्स्चेंजने नंतर सांगितलं. बिघाड त्या ग्राहकाचा खरा, पण भाव तिथवर जाऊ शकला, कारण मधल्या पातळ्यांवर तेवढे खरेदीदार उभेच नव्हते.

दरमहा थोडंथोडं घेऊन वर्षानुवर्षं ठेवणार असाल, तर रुपयाच्या पेअरमध्ये लिमिट ऑर्डर लावून भागतं. टीडीएसच्या कटकटी उगाच ओढवून घेऊ नका. रक्कम मोठी असेल किंवा घाईने बाहेर पडायची वेळ येऊ शकत असेल, तर मला तरी यूएसडीटी बरा वाटतो, तीनदा कापला जाणारा टीडीएस धरूनही. फक्त तुमच्या एक्स्चेंजवरचं यूएसडीटीचं बुक खरंच खोल आहे का, ते पडझडीच्या दिवशी तपासा: चालू भावाच्या एक टक्का खालपर्यंत एकूण किती बिटकॉइनची खरेदी लागलेली आहे ते बघा, आणि तुमच्याकडचे किती आहेत त्याच्याशी ताडून पाहा.