पाहिलं कुणी, ऐकलं कुणी: ठाण्यातल्या सहा शनिवारांच्या बायबल वर्गाबद्दल

ठाणे पश्चिमेला एका चर्चच्या सभागृहात मराठीतून चालणारा वर्ग. सहा शनिवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ, फी ३०० रुपये. झेरॉक्स आणि चहा त्यातच. विषय एकच: येशूचं मरण आणि पुनरुत्थान यांबद्दल डोळ्यांनी पाहून कोण बोलतं, ऐकून कोण बोलतं, आणि ख्रिस्ती श्रद्धेचं त्यावर एवढं का अडतं.

पहिला शनिवार ‘साक्ष’ या शब्दावर जातो आणि तो जायलाच हवा. आपल्या प्रार्थनासभांमध्ये साक्ष देणं म्हणजे दुखणं बरं झालं, नोकरी लागली, हे उभं राहून सांगणं. बायबलच्या नव्या करारातली साक्ष कोर्टातल्या जबाबाच्या जास्त जवळची. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी बारावा प्रेषित, म्हणजे मुख्य शिष्य, निवडताना अटच अशी होती की तो बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या काळापासून येशूला स्वर्गात वर घेतलं त्या दिवसापर्यंत सोबत असलेला हवा (प्रेषितांची कृत्ये १:२१-२२). दोन नावं निघाली, चिठ्ठी मत्थियाची आली. येशूचं चरित्र सांगणारी चार पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं; त्यांतलं एक लिहिणारा लूक तर पहिल्या चार ओव्यांतच सांगून टाकतो की माहिती पाहणाऱ्यांकडून आलेली आहे. स्वतःला तो त्यांच्यात धरत नाही.

वर्गाचा खरा जीव दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारच्या तक्त्यात आहे. कागद आडवा धरून चार रकाने: मत्तय, मार्क, लूक, योहान. ओळी पाच: कबरेकडे कोण गेलं, केव्हा, दगडाचं काय, तिथे कोण दिसलं, पुढे कुणाला सांगितलं. चार गट, प्रत्येकाला एकच शुभवर्तमान, वीस मिनिटं, शेजारी डोकवायचं नाही. मग फळ्यावर एकत्र. मग्दालीया मरीया चारही रकान्यांत येते. सलोमे फक्त मार्कात, योहान्ना फक्त लूकात. मत्तयात एक देवदूत, मार्कात एक तरुण, लूकात दोन पुरुष, योहानात दोन देवदूत.

चुका ठरलेल्या. लोक पुस्तक न उघडता ईस्टरच्या प्रवचनांच्या आठवणीवर लिहितात, मग सलोमे मत्तयात शिरते. मार्कवाला गट सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर न थांबता पुढे जातो. ९ ते २० या ओव्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, त्या तक्त्यात घेतल्या की मार्क अचानक इतरांसारखा बोलू लागतो. ही सूचना कागदावर छापलेली नाही, तोंडी मिळते, तीही उशिरा. योहानात मरीया एकटी जाते, पण दुसऱ्याच ओवीत ‘आम्हांला ठाऊक नाही’ म्हणते. हे अनेकवचन पकडणारा गट क्वचित असतो.

पहिल्या साक्षीदार बायका, आणि प्रेषितांना त्यांचं बोलणं बाष्कळ वाटलं (लूक २४:११). त्या काळी बायकांच्या जबाबाला फारसं वजन नव्हतं. गोष्ट रचायची असती तर कुणी अशी रचली नसती, हा मुद्दा इथे नीट मांडला जातो.

चौथा शनिवार कच्चा. पौल या प्रेषिताच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (१ करिंथ १५), पुनरुत्थित येशू ज्यांना दिसला म्हणून सांगितलंय ते पाचशेहून अधिक जण पाचशे साक्षी म्हणून मोजले जातात. तसं नाही हो. ती एकट्या पौलाची साक्ष आहे, पाचशे जणांविषयीची. त्यांच्यातल्या एकाचंही नाव तो देत नाही. तिचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे: त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असं तो विसेक वर्षांच्या आतबाहेर लिहितो. म्हणजे जाऊन विचारायला वाव होता. याच यादीत बायका नाहीत, यावर कुणी काही बोलत नाही.

पाचव्या शनिवारसाठी मात्र फी वसूल. एप्रिल १३२१ मध्ये याच ठाण्यात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी संघाचे चार जण मारले गेले: टॉलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, तिफ्लिसचा डेमेट्रियस. त्यांचा सोबती जॉर्डनस तेव्हा ठाण्याबाहेर होता. त्याने नंतर देह सोपाऱ्यात पुरले आणि पत्रं लिहिली. ओडोरिक हा आणखी एक फ्रान्सिस्कन त्याच्याही मागून आला, हाडं घेऊन चीनकडे गेला, आणि १३३० मध्ये पादुआत त्याने सविस्तर हकिगत सांगून लिहवली, संवादांसकट. पत्र आणि हकिगत शेजारी ठेवून एकच प्रश्न: यातलं कुणी पाहिलं? दोघांनीही नाही. मग जवळचा कोण, आणि संवाद कुठून आले? ही सवय लागली की शुभवर्तमान वाचतानाही नजर बदलते. ग्रीक ‘मार्तुस’ म्हणजे नुसता साक्षी. जीव देणाऱ्याला तो शब्द नंतर चिकटला. मराठीतल्या ‘रक्तसाक्षी’त दोन्ही अर्थ आहेत.

सहावा शंकानिरसनाचा, ढिला. चुकला तरी चालेल.

जाताना छापील बायबल न्या. मोबाइलवर प्रत्येकाचं भाषांतर वेगळं निघतं आणि नावांवरून वाद होतो. पातळ पानांवर हायलायटर पलीकडे उतरतो, रंगीत पेन्सिली बऱ्या. पंख्याखालची रांग टाळा, तक्ते उडतात.