सोलरच्या गरम पाण्याच्या पाइपला कुठला फोम? नऊ महिने आणि एका पावसाळ्यानंतर

जोडणी अशी: फोंड्याच्या बाजूचं दुमजली घर, गच्चीवर 200 लिटरचा काचेच्या ट्यूबांचा सोलर, टाकीपासून न्हाणीपर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लॅस्टिक पाइप), एकूण 18 मीटर. त्यातले 11 मीटर उघड्यावर. फेब्रुवारीत एकाच लाइनवर तीन प्रकार चढवले: पांढरा ईपीई (पॉलिथिलीनचा) फोम, काळा नायट्राइल रबरचा फोम, आणि ग्लास वूल म्हणजे काचेची लोकर, वरून प्लॅस्टिक गुंडाळून. ऑक्टोबर संपताना ग्लास वूल बाद, उघडा ईपीई बाद, उघडा नायट्राइल काठावर पास. स्वस्तात टिकला तो पीव्हीसी पाइपच्या आत घातलेला ईपीई.

आधी मापाचं, कारण चूक इथेच होते. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास 22.2 मिमी, तर पाऊण इंची जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाचा, जवळपास 27. दुकानात नुसतं ‘पाऊण इंची’ म्हटलं की आतून 28 मिमीची फोमची नळी हातात येते आणि सीपीव्हीसीवर ती झग्यासारखी लोंबते. मधल्या पोकळीत हवा फिरते, पावसात पाणीही. 22 ची मागायची.

फोमची जाडी घरात 9 मिमी, बाहेर 13. वारा नसताना 9 मिमीने उष्णतेची गळती साधारण निम्म्यावर येते. 13 ने आणखी थोडी. 19 घेतलं तर खर्च वाढतो, फरक जेमतेम. 55 अंशांचं पाणी 40 वर यायला उघड्या पाइपात अर्धा तासही लागत नाही, 13 मिमीच्या आत तासभर जातो. म्हणजे एकामागून एक आंघोळी असतील तर फायदा हाताला कळतो. रात्रभर मात्र काहीच टिकत नाही. 18 मीटरमध्ये साडेचार लिटर पाणी मावतं, ते पहाटेपर्यंत निवतंच. पहाटेचं पाव बादली गार पाणी फोमने वाचत नाही; त्यासाठी पाइपच आखूड करावा लागतो. टाकीत येणाऱ्या थंड पाण्याच्या लाइनवर फोम चढवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

ग्लास वूलचं काय झालं? जूनमध्ये प्लॅस्टिकच्या एका सांध्यातून पाणी शिरलं आणि चतुर्थीपर्यंत आतली लोकर ओल्या पोतेऱ्यासारखी झाली. ओली लोकर उष्णता अडवत नाही, उलट खेचते. खाली जीआय असता तर गंजही धरला असता. काथ्या गुंडाळण्याची जुनी रीत याच कारणाने गच्चीवर चालत नाही.

ईपीई उन्हात तग धरत नाही. मे संपेपर्यंत पृष्ठभाग बोटाने चोळला की पिठासारखा सुटायला लागला, आणि वर कावळे. नायट्राइल जास्त टिकला, पण त्यालाही वरच्या बाजूने बारीक भेगा पडल्या. किंमत ईपीईच्या दुप्पट-तिप्पट, म्हणून तो फक्त एका ठिकाणी घ्यावा: टाकीच्या तोंडाशी पहिला मीटर. घर बंद ठेवून चार दिवस गावाला गेलं की टाकी भलतीच तापते आणि तिथला ईपीई आकसून पाइप उघडा पाडतो. सीपीव्हीसीचीही मर्यादा 93 अंश, म्हणून तो पहिला तुकडा जीआयचाच असलेला बरा. फोमखाली घालण्याआधी त्याला प्राइमर मारायचा.

आता कवच. 22 वर 13 मिमी चढवलं की बाहेरचा व्यास 48 होतो. 50 चा पीव्हीसी त्यावर फार घट्ट होतो, 63 चा पातळ, ड्रेनेजचा, सहज सरकतो. लाइन आधीच बसलेली असेल तर तो ग्राइंडरने लांबीत एकाच बाजूने चिरायचा, उन्हात थोडा मऊ झाला की फाकवून वर चढवायचा. आडव्या पाइपावर चीर खाली, उभ्यावर भिंतीकडे. उभ्या लाइनवर वरच्या तुकड्याचं सॉकेट खालच्या तुकड्यावर यावं, मंगळुरी कौलं जशी एकावर एक चढतात तसं. उलट बसवलं की प्रत्येक सॉकेट पागोळीचं पाणी आत घेणारं नरसाळं होतं. आडव्या भागात सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायला 6 मिमीचं भोक ठेवायचं.

फोम कापताना नळी पाइपपेक्षा सेंटीमीटरभर लांब कापून दाबून बसवायची. सीपीव्हीसी 30 अंश तापला की 10 मीटरमागे साधारण 2 सेंमी वाढतो, फोम मात्र आकसतो. टोकाला टोक नुसतं टेकवलं तर महिन्यात बोटभर फटी पडतात. एल्बोवर दोन तुकडे 45 अंशात कापायचे. 2 मीटरच्या नळ्या 18 मीटरला 9 लागतात, कापाकापीसाठी 10 घ्याव्यात. केबल टाय काळेच घ्यायचे, पांढरे उन्हात तुटतात. आणि आवळायचे नाहीत, 13 मिमीचा फोम तिथे 5 चा होतो.

नायट्राइलचं चिकटवायचं सोल्युशन सीपीव्हीसीवर सांडू द्यायचं नाही, विजेची काळी टेपही थेट त्यावर गुंडाळायची नाही. त्यातली रसायनं सीपीव्हीसीला बारीक तडे पाडू शकतात, आणि फोमखालचा तडा दिसतो तो भिंतीवर ओल आल्यावर. टाकीच्या वरचा हवेचा पाइप मात्र उघडाच ठेवायचा. फोम चढवण्याच्या भरात त्याचं तोंड बुजलं तर टाकीवर दाब येतो.

पावसाळा सरला की खालच्या भोकात तार घालून पाहावी. मुंग्या तिथूनच आत शिरतात आणि मातीने भोक बंद करतात.