इजिप्तहून येऊन नऊ महिने झाले: घरात अजून कशाचं नाव निघतं

जानेवारीत आम्ही पाच जण दहा दिवस इजिप्तला जाऊन आलो. मी, नवरा, 13 वर्षांची लेक, 9 वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांच्या सासूबाई. आल्या आल्या लिहिलं असतं तर सगळंच भारी वाटलं असतं. आता ऑक्टोबर उजाडलाय. मनात काय राहिलं आणि काय पुसलं गेलं, ते आता नीट सांगता येतं.

सगळ्यात जास्त पैसे गेले ते लक्सरच्या व्हॅली ऑफ द किंग्जमध्ये, म्हणजे जुन्या राजांच्या थडग्यांच्या दरीत. साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात. आम्ही वर तुतनखामून आणि सहावा रामसेस यांची वेगळी तिकिटं काढली आणि एका सकाळीत पाच उरकली. ही आमची चूक. आज फोटो बघताना त्यातली दोन कुठल्या राजांची हे मला सांगता येत नाही. तुतनखामूनचं थडगं एवढंसं आहे, खजिना कैरोत, ममी मात्र तिथेच. सहाव्या रामसेसचं चुकवू नका. छतावर नूत ही आकाशदेवी पाठीला पाठ लावून दोनदा रंगवली आहे. ती संध्याकाळी सूर्याला गिळते आणि सकाळी पुन्हा जन्म देते. लेक मान वर करून किती तरी वेळ उभी होती. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चौथ्या रामसेसचं थडगं सोपं, उतार सौम्य आहे. गाइडला आत बोलू देत नाहीत, त्यामुळे काय बघायचं ते बाहेरच विचारून घ्या.

पण नऊ महिन्यांनंतर आमच्या घरात नाव निघतं ते देर अल-मदिनाचं. राजांची थडगी खोदणारे, रंगवणारे कारागीर बायकापोरांसह जिथे राहायचे ते हे गाव. दगडी भिंतींचे पाये अजून दिसतात, कुठली खोली कुणाची याचा अंदाज मुलं बांधत बसली. या लोकांचा रोजचा हिशेब दगडाच्या कपच्यांवर लिहिलेला सापडलाय. दिव्याच्या किती वाती दिल्या, कोण कामावर आलं नाही आणि का. कुणी आजारी, कुणी बिअर करायला घरी थांबलेला, कुणाला विंचू चावलेला! तिसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या 29व्या वर्षी धान्याचा शिधा वेळेवर आला नाही, तेव्हा हे लोक काम टाकून देवळांच्या मागे जाऊन बसले. आम्हाला भूक लागलीय, महिन्याचे अठरा दिवस गेले, असं त्यांनी सांगितल्याचं पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर, लिहून ठेवलेलं आहे. इतक्या जुन्या संपाची अशी नोंद दुसरी नाही म्हणतात. लेकीने शाळेच्या प्रकल्पाला हाच विषय घेतला.

तिथलं सेन्नेद्जेम नावाच्या कारागिराचं थडगं खूप लहान आहे. जिना उभा, वाकूनच जावं लागतं. आई, म्हणजे सासूबाई, एकेक पायरी बसत उतरल्या, पण उतरल्या. आत पिवळ्या रंगावर मृत्यूनंतरचं शेत रंगवलंय. तो नांगर धरतो, बायको मागून बी टाकते. तो विळ्याने कणसं कापतो, ती गोळा करते. भोवती पाण्याचा पाट. आईंचं माहेर इंदापूरकडचं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मेल्यावरही शेतच मागितलं बघ यांनी." तो फोटो मोठा करून त्यांनी मामांकडे लावायला दिलाय.

अबू सिंबेलच्या देवळासाठी अस्वानहून पहाटे चारला निघालो. मुलं गाडीत झोपली, पण पोहोचल्यावर दमणूक विसरली. अस्वानच्या धरणाच्या पाण्यात जाईल म्हणून 1964 ते 1968 दरम्यान हे अख्खं देऊळ कापून सुमारे 65 मीटर वर नेलं. आई हे ऐकून गप्पच झाल्या. उजनीचं पाणी आलं तेव्हा पळसदेवचं देऊळ बुडालं, ते अजून उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. "आमचंही कुणी उचलून नेलं असतं तर," एवढंच त्या म्हणाल्या. मला तिथे पहिल्यांदा जाणवलं की त्यांना बरोबर आणलं हे किती बरं केलं.

कर्नाकच्या देवळाचे 134 खांब भव्य आहेत, पण दुपारी गेलात तर गर्दीत डोकं उठतं, सकाळी उघडतानाच जा. कोम ओम्बोला मगरींच्या ममी आहेत, लहान मूल असेल तर थांबाच. खाण्याचा प्रश्न कोशरीने सोडवला. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर तळलेला कांदा. आईंना ती इतकी आवडली की मी इथेही महिन्यातून एकदा करते. बक्षीस, म्हणजे टिप, मात्र सगळीकडे मागतात, सुटे पैसे ठेवा. आणि आमच्या सहल कंपनीने पहिल्याच दिवशी पपायरस आणि अलाबास्टरच्या दुकानांत दोन तास घालवले, त्याचा राग अजून गेलेला नाही. बुकिंग करतानाच दुकानं नकोत असं लिहून घ्या.

पुन्हा गेलो तर ही थडगी आहेत त्या नाईलच्या पश्चिम काठावरच चार रात्री मुक्काम करू, रोज दोनच थडगी बघू. लेकीची यादी तयार आहे, पहिलं नाव सेन्नेद्जेम.