घोडबंदरहून महापेचं ऑफिस : वायरगार्डचा वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या ऑफिसच्या राउटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन (घरचा कॉम्प्युटर इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारी सोय) बसवलं, आता दिवाळीही होऊन गेली. मी कासारवडवलीला राहते, अकाउंट्स सांभाळते. कासारवडवली ते ठाणे स्टेशन, पुढे ट्रान्स-हार्बरने कोपरखैरणे, तिथून रिक्षा. ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांना घरून कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

जोडणी झटकन होते. आधीच्या व्हीपीएनला पासवर्ड, मग ओटीपी, मग वाट बघणं. इथे एक बटण, काम झालं. वायफायवरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलं तरी बहुतेक वेळा जोडणी टिकते. एक मात्र ध्यानात ठेवा, ‘ॲक्टिव्ह’ दिसलं म्हणजे ऑफिस जोडलं गेलं असं नाही. किल्ली, म्हणजे ओळख पटवणारा सांकेतिक कोड, जुळली नाही तर ऑफिसचा राउटर उत्तरच देत नाही, तशी त्याची रचनाच आहे. खाली ‘लेटेस्ट हँडशेक’ची, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांची ओळख शेवटची कधी पटवली त्याची, वेळ बघायची. काम चालू असताना ती दोन-तीन मिनिटांपेक्षा जुनी दिसली की काहीतरी अडलंय.

सुरुवातीला ऑफिसचा सर्व्हर सापडेचना. घरचा राउटर आणि ऑफिसचा राउटर, दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच पत्त्यांची मालिका. घरचा कॉम्प्युटर ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत बसायचा. घरची मालिका १९२.१६८.५७ केली आणि प्रश्न मिटला. नवीन ऑफिस थाटणाऱ्यांनी हे आधीच वेगळं ठेवावं.

आता खरा मुद्दा. व्हीपीएन जोडून ऑफिसच्या सामायिक फोल्डरमधला हिशेबाचा डेटा थेट घरी उघडू नका. जीएसटीची २० तारीख तोंडावर असताना एक लेजर (हिशेबाचं खातं) उघडायला इतका वेळ लागायचा की चहा होऊन जायचा. घरचं नेट १०० एमबीपीएसचं, तरी हे हाल! कारण वेग नव्हे, फेऱ्या. असं सॉफ्टवेअर शेकडो बारीकबारीक तुकडे एकामागून एक मागतं. ऑफिसात एका फेरीला एक मिलिसेकंदही लागत नाही, घरून वीसेक लागतात. वाण्याकडून महिन्याचं सामान एकेक जिन्नस करून आणण्यासारखंच ते. प्लॅन वाढवून पैसे घालवू नका. शिवाय मधेच जोडणी तुटली तर डेटा बिघडण्याची धास्ती वेगळीच.

त्यापेक्षा व्हीपीएनमधून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर बसा. डेटा तिथेच राहतो, इकडे फक्त चित्र येतं. लेजर आता ऑफिसइतकंच चटकन उघडतं. ऑफिसच्या मशीनवर विंडोज प्रो हवं, होममध्ये ही सोय नाही. आणि कोणी म्हणालं की ‘व्हीपीएन कशाला, राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) उघडून देतो’, तर त्याला सरळ नाही म्हणा. तो पोर्ट जगभरातून सतत चाचपला जातो.

महापेत वीज गेली की ऑफिसचा कॉम्प्युटर बंद, मग व्हीपीएन जोडून काय करणार? बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय असतो, तो लावून घेतला. तोवर वॉचमनकाकांना फोन करून बटण दाबायला सांगावं लागायचं, आणि ते दर वेळी मॉनिटरचंच दाबायचे.