रोज वापरलेली ग्युतो आणि खोक्यात जपलेली ग्युतो

महागड्या सुऱ्यांची बहुतेक परीक्षणं खोकं उघडल्या दिवशीच लिहिलेली असतात. पात्यावरची नक्षी, मुठीचं लाकूड, कागद कसा सर्रकन चिरला जातो, एवढ्यावर ती संपतात. मी मुद्दाम थांबले. ही सुरी गेली काही वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या हातात आहे, तिला अनेकदा धार लावून झाली आहे आणि तिच्याबद्दल ठामपणे बोलावं एवढी ती आता ओळखीची झाली आहे.

सुरी जपानी पद्धतीची ग्युतो, म्हणजे रोजच्या चिराचिरीची शेफ सुरी. पातं 210 मिलिमीटर. मधला गाभा आओगामी नंबर 2 या कार्बन पोलादाचा, दोन्ही अंगांनी स्टेनलेसचे नक्षीदार दमास्कस थर आणि लाकडी अष्टकोनी मूठ. आओगामी पोलाद जपानमधल्या यासुगी शहरातून येतं. त्यात कार्बन साधारण 1.05 ते 1.15 टक्के असतो, शिवाय थोडं क्रोमियम आणि टंगस्टन. पाणी नीट दिलेलं असेल, म्हणजे तापवून झटकन थंड करणं नीट जमलेलं असेल, तर कडकपणाच्या रॉकवेल मोजणीवर ते 62-63 पर्यंत जातं. नेहमीच्या जर्मन शेफ सुऱ्यांमध्ये निम्माच कार्बन आणि 15 टक्के क्रोमियम असतं, आणि त्यांचा कडकपणा 56 ते 58 च्या आसपास असतो. त्या गंजत नाहीत आणि आपटल्या तरी सहन करतात, पण त्यांची धार लवकर एका अंगाला वळते.

माझ्या मोठ्या भावाकडे याच कारागिराची, याच मापाची, याच पोलादाची सुरी आहे. त्याने ती खोक्यात ठेवली आहे. दोन्ही सुऱ्या शेजारी ठेवून पाहता आल्या म्हणूनच हे परीक्षण लिहिता आलं.

सुरीचं सगळ्यात देखणं अंग म्हणजे दमास्कसची लाटांसारखी नक्षी. ही नक्षी बाहेरच्या थरांत असते. कापतो तो मधला साधा, बिननक्षीचा गाभा, पात्याच्या कडेला जेमतेम काही मिलिमीटर उघडा राहणारा. कारागिराचं खरं कसब दोन ठिकाणी लागतं आणि दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. पहिलं म्हणजे पाणी देणं: पोलाद किती तापवलं, किती झटकन थंड केलं, नंतर पुन्हा हलक्या आचेवर किती वेळ ठेवलं. दुसरं म्हणजे घडण: पाठीकडून धारेकडे येताना पातं कसकसं पातळ होत गेलं आहे. माझी सुरी गाजरात शिरते तेव्हा गाजर तडकत नाही, फाकत नाही, शेवटपर्यंत शांतपणे कापलं जातं. जाड पात्याची सुरी कितीही धारदार असली तरी मध्यावर आल्यावर गाजराचा "टक्" असा आवाज होतो, कारण तिथून पुढे ते चिरत नाही, पाचर ठोकल्यासारखं फुटतं. हा फरक फोटोत दिसत नाही आणि खोक्यातल्या सुरीत तर कळायला मार्गच नाही. म्हणून माझं पहिलं मत असं, की जी सुरी कधी कापायला घेतली नाही ती चांगली आहे की नाही हे तिच्या मालकालाही माहीत नसतं.

दुसरी गोष्ट मला धार लावताना कळली. नव्या सुरीची धार ही तिची सर्वोत्तम धार नसते. कारखान्यात ती बहुधा यंत्राच्या पट्ट्यावर किंवा चाकावर काढलेली असते, तिथे कडेचं अतिशय पातळ पोलाद तापून कमजोर होऊ शकतं. सुरुवातीला माझ्या सुरीच्या धारेला बारीक कपचे जात होते. दगडावर दोन-तीनदा घासून तो थर गेल्यावर कपचे थांबले. आतलं पोलाद जास्त चिवट निघालं. भावाची सुरी अजून त्या पहिल्या धारेवरच आहे.

धार लावायचं सांगायलाच हवं, कारण या सुरीचा निम्मा आनंद त्यात आहे. दगड पाण्यात भिजवून घेते. आधी 1000 चा, मग 3000 चा; आकडा जेवढा मोठा तेवढा दगड बारीक. पातं साधारण 15 अंशांवर टेकवायचं, बोटांची टोकं धारेच्या मागे ठेवायची आणि सरकवत राहायचं. दगडावर राखाडी चिखल साठू लागतो. तो पुसायचा नाही, काम तोच करतो. थोड्या वेळाने पात्याच्या दुसऱ्या अंगावरून अंगठा आडवा, अलगद फिरवला की कडेला किंचित खरखर लागते. ती धातूची सुटी कड, तिलाच बर म्हणतात. टाचेपासून टोकापर्यंत ती सलग लागली की एक बाजू झाली. मग दुसरी बाजू आणि मग दाब कमी कमी करत ती कड काढून टाकायची. आओगामीत ती झटकन सुटते. मऊ स्टेनलेसमध्ये ती नुसती या अंगावरून त्या अंगावर वळत राहते आणि माणूस वैतागतो. कडक पोलाद घासायला अवघड असेल असं अनेकांना वाटतं. साध्या कार्बन पोलादाच्या बाबतीत तसं नाही, दगड त्याला छान धरतो.

पात्याचा रंग बदलतो, त्याची अनेकांना धास्ती असते. उघडा गाभा पहिल्यांदा कांद्याला लागला तेव्हा कड करडी झाली आणि कांद्यालाही हलका डाग आणि लोखंडाचा वास आला. थोड्याच दिवसांत त्या कडेवर निळसर, मग जांभळट, मग करड्या रंगाचा थर बसला. हा ऑक्साइडचा घट्ट थर खालच्या पोलादाचं रक्षण करतो. तो बसल्यावर वासही गेला आणि डागही. तांबूस गंज वेगळा: तो भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि आत खात जातो. तो येऊ नये म्हणून लिंबू किंवा टोमॅटो कापला की लगेच पुसते आणि काम संपल्यावर धुऊन कोरडी करून ठेवते. एवढंच. रोज वापरत असल्यामुळे तेल लावायची वेळ फारशी येत नाही.

भावाला मी म्हटलं, "दादा, एकदा वापरून तरी बघ."

"अगं, पहिला ओरखडा पडला की संपलं. मग तिला परत नवी कोण करणार?"

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते मान्य करते. दर वेळी धार लावताना थोडं पोलाद जातंच. धार जसजशी वर सरकते तसं पातं जाड लागू लागतं, मग अंगाने घासून ते पुन्हा पातळ करावं लागतं. मी ते केलं आहे आणि धारेजवळची नक्षी तिथे पुसली गेली आहे. ती पुन्हा उठवायची तर पातं घासून फेरिक क्लोराइडमध्ये बुडवावं लागतं. माझ्या पात्यावर आडवे ओरखडे आहेत, कडेला काळपट पट्टा आहे. संग्राहकाच्या हिशेबात तिची किंमत उतरली. ज्याला ती पुढे विकायची आहे, त्याने मूळ धार, मूळ खोकं आणि कागदपत्रं जपावीत हे रास्तच आहे.

काही सुऱ्या तर जपल्याच पाहिजेत. जो कारागीर आता हयात नाही त्याचं शेवटचं काम, जी घडवण्याची पद्धत लोप पावली तिचा नमुना, या गोष्टी कापून संपवू नयेत. 2019 मध्ये दिवंगत अमेरिकी शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेन यांच्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात अमेरिकी सुरी-कारागीर बॉब क्रेमर यांनी बोर्डेन यांच्यासाठी घडवलेली, उल्केतलं लोखंड वापरलेली शेफ सुरी होती. अशी सुरी कोणी आता कांदे चिरायला काढणार नाही आणि काढूही नये. पण क्रेमर स्वतः आधी स्वयंपाकघरात काम केलेले, मग सुऱ्यांना धार लावून देणारे, आणि त्यानंतर सुऱ्या घडवणारे. त्यांच्या सुऱ्यांची घडण जी नावाजली गेली ती कापण्यासाठी. आमच्या दोघांकडची सुरी त्या पंक्तीतली नाही. तो कारागीर अजून काम करतो आहे, याच मापाच्या सुऱ्या आजही घडवतो आहे. ती जपून कोणता वारसा वाचतो, ते मला दिसत नाही.

शिवाय जपणं म्हणजे नुसतं ठेवून देणं नव्हे. मागच्या भेटीत भावाने कौतुकाने सुरी बाहेर काढली. लाकडी म्यानातून ओढताना मला पात्याच्या मध्यावर, अगदी धारेवर, तांबूस ठिपके दिसले. म्यान अंगाला घट्ट बसतं, लाकूड हवेतली ओल धरतं आणि उघडा कार्बन गाभा नेमका तिथेच टेकलेला असतो. बाजूच्या स्टेनलेस नक्षीला काहीही झालेलं नव्हतं. धारेवरचा गंज सगळ्यात वाईट, कारण तिथे खड्डा पडला की धारेलाच खाच पडते. ज्यांना ठेवूनच द्यायची आहे त्यांनी ती म्यानाबाहेर ठेवावी, हात लावल्यावर बोटांचे ठसे पुसावेत, पातळ थरात कॅमेलियाचं किंवा खनिज तेल लावावं आणि अधूनमधून बघावं. कातडी म्यानात तर मुळीच ठेवू नये. कातडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं पोलादाला खातात.

आता तक्रारी. टोक नाजूक आहे. हाड, गोठलेला पदार्थ, कठीण बी यांच्यासाठी दुसरी सुरी हवीच. डबा उघडायला किंवा काही उचकटायला ही वापरली तर टोक तुटणार, वाकणार नाही. भाजी चिरायला काचेचा किंवा दगडी पाट चालत नाही. लाकडी किंवा मऊ रबरी पाट लागतो. चिरलेलं गोळा करताना धारेने पाट खरवडायची अनेकांना सवय असते, ती सोडावी लागते: सुरी उलटी करून पाठीने गोळा करायचं. डिशवॉशरचा तर विचारच नको. पाठीच्या कडा सुरुवातीला तीक्ष्ण होत्या, चिमटीत धरल्यावर तर्जनीच्या बुडाशी घट्टा पडला. मी बारीक सँडपेपरने त्या गोल करून घेतल्या. संग्रहातल्या सुरीला असं कोणी करणार नाही, आणि माझ्या सुरीत झालेली सगळ्यात उपयोगी सुधारणा तीच आहे.

घरात स्वयंपाक अनेक जण करत असतील आणि सगळ्यांना पुसून ठेवायची सवय नसेल, तर पूर्ण स्टेनलेस घ्या. व्हीजी-10 हे पोलाद चांगलं आहे, 60 च्या आसपास कडक असतं आणि कमी लक्ष मागतं. स्वयंपाक तुमच्या एकट्याच्या हातात असेल आणि दगडावर बसायची तयारी असेल, तर आओगामीच्या गाभ्याची ही सुरी मी निःशंकपणे सुचवेन. बिननक्षीची मिळाली तर तीच घ्या. गाभा तोच असतो, आणि पातळ करताना हात आखडत नाही.

भावाच्या सुरीवरचे ठिपके काढायला मी ती घरी आणली आहे. खाच वरवरची आहे, 1000 च्या दगडावर निघेल. त्यासाठी तिची ती पहिली धार मात्र घालवावी लागणार आहे, आणि त्याला तो तयार झाला आहे.